साखरेला रकाना नव्हता

त्र्याऐंशी सालचा पौष असेल. सकाळचं दूध घेऊन झालं होतं, मी कॅन मोजत होतो, तेवढ्यात बनाबाई ओव्हाळ सोसायटीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी तेव्हा वाकीदऱ्याच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वाकीदरा म्हणजे भूम तालुक्यातलं आमचं गाव, सव्वादोनशे उंबऱ्यांचं. बनाबाई गावच्या आरोग्य रक्षक. सरकारनं दिलेली पत्र्याची पेटी घेऊन त्या घरोघर हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या, जखमेला लाल औषध लावायच्या. त्यांच्या घरी म्हैस नव्हती, त्यामुळं सोसायटीत त्यांचं येणं नसायचं.

"व्यंकटराव," त्या म्हणाल्या, "दूध फाटतंय का बघायला तुमच्याकडं काचेच्या नळ्या असतेत न्हवं? जुन्या, टाकून द्यायच्या चार-सहा हायत का?"

"हायत की. कशाला पाहिजेत?"

"लघवी तपासायचीय. सगळ्या गावाची."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. माझं हसणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आमच्या मालकाला काय झालं व्हतं, ते मला आत्ता कळलं. धा वर्सांनी."

त्यांचे मालक म्हणजे गोरोबा. गोरोबाला मी ओळखत होतो. त्याची गोष्ट बनाबाईंनी नंतर मला सांगितली, पण तिच्यातला एक तुकडा मी स्वतः पाहिलेला होता, आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. भूमकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं होतं आणि आम्ही सगळे खडी फोडायला जायचो. पाणी बैलगाडीतल्या पिंपातून दोनदा यायचं. प्रत्येक टोळीला एक रांजण. गोरोबाची टोळी रस्त्याच्या पलीकडं, त्यांचा रांजण वेगळा. गोरोबा अंगानं दांडगा होता, पण त्या हिवाळ्यापासून तो वाळत चालला. जेवायचा दोघांचं आणि दिसायचा आजाऱ्यासारखा. घडोघडी पाणी प्यायचा, घडोघडी बाभळीमागं जायचा. त्याच्या टोळीतली माणसं वैतागली. आपल्या वाटचं पाणी हा एकटा पितो म्हणून एकदा मारामारी झाली. मग तो आमच्या रांजणाशी येऊन लांब उभा राहायला लागला. ओंजळ पुढं करायचा आणि म्हणायचा, "वरून वता थोडं, पोरांनो."

दोनदा मी ओतलं. तिसऱ्यांदा म्हणालो, "तुझ्या एकट्यासाठी दुसरी गाडी आणू का रं?" सगळी टोळी हसली. बापाच्या वयाच्या माणसाला मी अरेतुरे केलं होतं. तशी रीत होती आणि मी ती पाळली. गोरोबानं ओंजळ खाली घेतली, धोतराला हात पुसले आणि रस्ता ओलांडून गेला. पुन्हा तो आमच्याकडं आला नाही.

घरी त्यांना पाच माणसांत दोन घागरी मिळत. उठल्या उठल्या गोरोबा एक घागर रिती करायचा. पोरं पाण्यावाचून रडायची. शेवटी बनाबाईंनी दुसरी घागर रिकाम्या कणगीत ठेवली आणि वर गोधडी टाकली. गोरोबानं सगळं घर धुंडाळलं. सापडली नाही. त्यानं विचारलंही नाही. ओढ्याच्या डबक्यात जनावरांसाठी राहिलेलं हिरवं पाणी तो पिऊन आला. घरामागं तो लघवीला बसायचा तिथं मुंग्यांची रांग लागायची. लोक म्हणाले, कुणीतरी काहीतरी केलंय. देवऋषी झाला, अंगारा झाला. मग खडीचा एक कपरा अंगठ्यात घुसला. जखम आठ दिवसांत काळी पडली, पंधरा दिवसांत काळं घोट्यापर्यंत आलं. चैत्रात भूमला नेताना गाडीतच गोरोबा गेला. वय फार तर चाळीस.

बनाबाई चौथी शिकलेल्या होत्या. बौद्धवाड्यात त्या पिढीतल्या बायकांमध्ये तेवढं शिकलेली दुसरी कुणी नव्हती. सरकारची आरोग्य रक्षकाची योजना आली तेव्हा गावात कुणी पुढं होईना, म्हणून ग्रामसभेनं त्यांचं नाव दिलं. महिन्यातून एकदा त्यांना आरोग्य केंद्रावर जावं लागे. तिथं डॉक्टर शिवकांता बिडवे नव्यानं आल्या होत्या, उदगीरकडच्या. एका बैठकीत त्यांनी एक आजार समजावून सांगितला. माणसाला तहान आवरत नाही, लघवी फार होते, खाऊनही माणूस वाळतो, लघवीला मुंग्या लागतात, पायाची जखम चिघळून काळी पडते.

"डॉक्टरीणबाई आजार सांगत न्हवत्या," बनाबाई मला म्हणाल्या, "आमच्या घरातलं सांगत व्हत्या."

त्या बैठकीतून उठून बाहेर गेल्या आणि लिंबाखाली बसून राहिल्या. सगळे निघून गेल्यावर आत आल्या आणि डॉक्टरांना विचारलं, "म्या त्याच्यापसून पाणी लपवलं. दिलं असतं तर जगला असता का?"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. त्या म्हणाल्या, "नुसत्या पाण्यानं जगला नसता. पण तळमळला कमी असता."

यावर बनाबाईंनी एवढंच विचारलं की हा आजार आधी ओळखता येतो का. डॉक्टरांनी कपाटातून निळ्या औषधाची बाटली काढली. नळीत चमचाभर औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, विटकरी झाला तर फार.

मी नळ्या दिल्या. जुना स्पिरिटचा दिवाही दिला. सकाळी दूध घालायला निम्मं गाव सोसायटीत येतं, तेव्हा मागच्या पडवीत बसा, असंही मीच सुचवलं. रांजणाचं त्यांना सांगितलं नाही.

सुरुवातीला कुणी बाटली देईना. बायका लाजायच्या. पुरुष म्हणायचे, करणी करायला नेते. बनाबाईंनी पहिल्या दिवशी स्वतःची लघवी सगळ्यांसमोर उकळून निळा रंग दाखवला. दुसऱ्या दिवशी माझी. मग बिरू धनगरानं कौतुकानं आणली, आणि बिरूनं आणली म्हणताच रांग लागली. दोन महिन्यांत त्यांनी दोनशे चौसष्ट माणसं तपासली. अकरा जणांच्या लघवीत साखर निघाली. डॉक्टर शिवकांता स्वतः गावात आल्या, अकराही जणांना भेटल्या. त्यांनाही आश्चर्य वाटलं होतं. हा आजार बसून खाणाऱ्यांचा, असं त्या शिकून आल्या होत्या, आणि अकरांतले सहा रोजानं जाणारे होते.

"बनाबाई, ज्यांना झालाय त्यांचे पाय आणि डोळे आपण वाचवू," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ज्यांचा रंग आत्ताच हिरवा आहे, त्यांना तिथंच थांबवू. केंद्राखालच्या चौदाही गावांत हे करता येईल. प्रत्येक गावात तुमच्यासारखी एक बाई पाहिजे, एक दिवा आणि चार नळ्या पाहिजेत."

त्यांनी वर जिल्ह्याला तसं पत्र लिहिलं. त्या दिवसांत बनाबाई फार भरभर चालायच्या, एवढं मला आठवतं.

अकरांपैकी एक आमचे चेअरमन आबाराव होते. वाईट माणूस म्हणणार नाही मी त्यांना. सोसायटी गावात आणायला त्यांनी दोन वर्षं खेटे घातले होते. पण चेअरमन झाल्यापासून मोटरसायकल आली, चालणं सुटलं, आल्यागेल्याबरोबर दिवसाला दहा कप गोड चहा व्हायला लागला. त्यांची नळी विटकरी झाली तेव्हा पडवीत वीसेक माणसं होती. बिरू बोलून गेला, "चेअरमन, तुमच्या दुधात आता साखर घालायची गरज न्हाय." हशा पिकला. आबारावही हसले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सोसायटीच्या आवारात मुताचा धंदा बंद," ते म्हणाले. "दूध हाय हे. लोकांच्या तोंडात जातंय. आणि बसवलंयस कुणाला, ते तरी बघायचं."

मी उठलो. बनाबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. नळ्या धुवून आणते." राखेनं घासून, फडक्यात गुंडाळून त्यांनी सहाच्या सहा नळ्या आणून दिल्या. आबाराव ओट्यावर बसलेले होते. म्हणाले, "फोड त्या. पुन्हा दुधात गेल्या तर?" मी पायरीवर नळ्या ठेवल्या आणि दगडानं फोडल्या. बनाबाई अजून फाटकापर्यंतही गेल्या नव्हत्या. आवाज ऐकून त्यांनी मागं पाहिलं, मग चालायला लागल्या.

त्या अकरांतला दुसरा एक माझा धाकटा भाऊ रामकिसन होता. चोवीस वर्षांचा, सडपातळ. नळ्या फोडल्यानंतर चारच दिवसांनी बनाबाई आमच्या दारात आल्या. मला वाटलं, बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, "व्यंकटराव, रामकिसन गोळ्या घ्यायला केंद्रावर गेला न्हाय. तुम्ही थोरले हायसा, तुम्ही सांगा. अन् त्येला अनवाणी हिंडू देऊ नका. टायरच्या का व्हईनात, चपला घ्या."

मी सांगितलं. रामकिसन म्हणाला, "मला कुठं काय होतंय?" मीही जास्त ताणलं नाही. तरणाताठा भाऊ समोर बसून भाकरी खात होता. त्याला आजारी म्हणवत नव्हतं.

बनाबाईंनी नवीन दोन नळ्या डॉक्टरांकडून मिळवल्या आणि आपल्या घरी काम चालू ठेवलं. पण तिकडं येणारे आता बौद्धवाड्यातलेच राहिले. पुढच्या वर्षी डॉक्टर शिवकांतांची बदली झाली. जाताना त्यांनी निळ्या औषधाची शेवटची बाटली बनाबाईंना दिली. चौदा गावांच्या पत्राला उत्तर आलं नव्हतं. बाटली श्रावणात संपली.

तेव्हा बनाबाईंनी धाराशिवला जायचं ठरवलं. जिल्ह्याचं नाव कागदावर उस्मानाबाद होतं, पण आम्ही धाराशिवच म्हणायचो. मला दूध संघात काम होतं, म्हणून एकाच एसटीनं गेलो. खरं तर माझं काम पुढच्या आठवड्यातही झालं असतं. कचेरीत दोन तास बसल्यावर एका कारकुनानं आम्हाला बोलावलं. माणूस उद्धट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, खेड्यात साखरेचा आजार कुठून येणार? रेशनला साखर मिळंना."

"अकरा जणं हायत साहेब. दोनशे चौसष्टात."

त्यानं छापील तक्ता काढून पुढं ठेवला. "हे बघा. दर महिन्याला आम्हाला हे भरून वर पाठवायचं असतं. ह्यात साखरेला रकाना कुठंय, तुम्हीच दाखवा. रकाना नाही, तर औषध कशावर मागवू?"

बनाबाईंनी तक्ता हातात घेतला. बोट ठेवत ठेवत त्यांनी एकेक रकाना मोठ्यानं वाचला. हिवताप. क्षय. कुष्ठ. कुटुंब नियोजन. लसीकरण. जुलाब-उलटी. कारकून थांबून राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "इथं खाली मोकळी जागा हाय की."

"ती सहीची जागा आहे," तो म्हणाला.

आम्ही परतीची एसटी धरली. भूमला उतरल्यावर बनाबाई म्हणाल्या, "व्यंकटराव, अर्ज लिहून द्या मला. दर महिन्याला एक लिहा. म्या सही करते." मी लिहायला लागलो. नळ्यांबद्दल मला त्यांच्याशी बोलायचं होतं, रांजणाबद्दलही. ते राहिलं आणि मी अर्ज लिहीत गेलो.

शहाऐंशी साली पुन्हा पाऊस गेला. आदल्या वर्षीही नीट पडला नव्हता. सोसायटीचं दूध चारशे लिटरवरून साठावर आलं. म्हशी छावणीला गेल्या, निम्म्या विकल्या गेल्या. गावाशेजारी रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं आणि जमीनवाले, बिनजमिनीचे सगळेच तिकडं दगड-माती वाहायला लागले. रामकिसन आणि त्याची बायको द्वारकाही. गावाला टँकर यायचा, घरटी दोन घागरी.

चैत्रात मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. आबाराव अध्यक्ष होते. सभा संपत आली तेव्हा कडेला बसलेल्या बनाबाई उठल्या.

"मला मागणं हाय. साखरवाल्या माणसांना एक घागर जास्तीची द्या. अकरातली दोन गेली. नऊ घरं. नऊ घागरी."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "मुतायला पाणी मागती व्हय?"

"व्हय," बनाबाई म्हणाल्या. "त्येंची तहान आपल्या तहानेवाणी नसती. आत आग असती. बहात्तरला आमच्या मालकांना हाच आजार व्हता. म्या घागर कणगीत लपवली. त्येनं सगळं घर हुडकलं. म्या भिताडाला टेकून बघत बसले आन् म्हणले, बरं झालं, सापडली न्हाय. लेकरांसाठी लपवली. पण लपवली. तुम्ही कुणी घरात असं करू नये म्हणून सांगते."

खाली बसलेल्या माणसांमध्ये मी होतो. माझ्या रांजणाचं बोलायला ती वेळ होती. मी मान खाली घातली.

आबाराव म्हणाले, "बाई, तुमचं दुःख खरं हाय. पण नऊ घरांना दिलं की उद्या नव्वद घरं म्हणतील आमाला साखर हाय. तपासायला तुमच्याकडं औषध हाय का?"

"औषध न्हाय."

"मग?"

"नऊ जणांची तपासणी औषध व्हतं तवा झालीय. तुमची बी झालीय, आबाराव. आन् तुमचं सोडा, रामकिसनला तरी द्या. तो कामावर जातोय. त्येची हालत मला दिसतीया."

सगळ्यांनी रामकिसनकडं पाहिलं. तो उठला. गालाची हाडं वर आली होती, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तो म्हणाला, "मला काय झालेलं न्हाय. मला जास्तीचं पाणी नगं. ही बाई उगं मागं लागलीय." आणि सभा सोडून निघून गेला. विषय संपला.

वैशाखात द्वारका बनाबाईंकडं गेली. आमच्या घरातली बाई बौद्धवाड्यात जाण्याची ती पहिलीच वेळ असावी. तिनं सांगितलं की रामकिसनच्या डाव्या पायाला कामावर टिकाव लागला होता, पंधरा दिवस झाले. त्यानं चिंधी गुंडाळून ठेवली, कुणाला दाखवू दिली नाही. पाय दुखत नाही म्हणतो, पण वास यायला लागलाय.

बनाबाई तिच्याबरोबरच धावत आल्या. आमच्या उंबऱ्याच्या आत त्या कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी सरळ माजघरात गेल्या, रामकिसनचा पाय मांडीवर घेतला आणि चिंधी सोडली. दोन बोटं काळी होती, त्यांच्यावर पाऊल निळसर.

"दुखत न्हाय म्हणूनच वाईट हाय," त्या मला म्हणाल्या. "गाडी जुपा. आत्ता."

रामकिसन नको म्हणत राहिला. बनाबाईंनी त्याला विचारलं नाही. भूमच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि सोलापूर म्हणाले. आम्ही एसटीनं गेलो. बनाबाईंनी मागच्या बाकावर त्याचा पाय चार तास आपल्या मांडीवर धरून ठेवला, खाली टेकू दिला नाही. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवसांनी आणला असता तर मांडीपासून गेला असता, किंवा माणूसच. आम्हाला बाहेर बसवलं होतं. द्वारका भिंतीकडं तोंड करून बसली होती. बनाबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी तो द्वारकेला दिला.

तिथं मी बोललो. रस्त्यावरचा रांजण, ओंजळ, मी काय म्हणालो, सगळं. बनाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हायती हाय मला. त्येनं घरी येऊन सांगितलं व्हतं. नाव घेतलं न्हवतं, सावळाराम पाटलाचं थोरलं पोरगं म्हणला व्हता." आणि पुढं त्यावर कधी बोलणं झालं नाही. त्यांना माहीत असताना त्या नळ्या मागायला माझ्याकडं आल्या होत्या.

पाय कापल्यावर द्वारका बदलली. रामकिसन कुबडी घेऊन घरी आला, कुणाशी बोलेनासा झाला. ती मात्र बनाबाईंना म्हणाली, मला पाय बघायला शिकवा. औषध नव्हतंच, तर जे औषधाशिवाय कळतं ते दोघी बघायला लागल्या. कुणाला तहान फार लागते, कोण वाळलं, कुणाची जखम भरत नाही, कुणाच्या पायाला काटा टोचलेला कळत नाही. दोघी घरोघर जाऊन बायकांना सांगायच्या की रोज माणसाचे तळवे बघा, बोटांच्या मधलं बघा. ज्याचा संशय येईल त्याला भूमला पाठवायच्या.

मी एक गोष्ट केली. संघाचा टेम्पो आमच्या बाजूच्या सात-आठ गावांतून कॅन गोळा करत फिरायचा. ड्रायव्हर कल्याणप्पाला सांगून मी दोघींना मागं कॅनच्या मधे बसायला जागा करून दिली. गावात टेम्पो थांबला की दोघी उतरायच्या, कॅन भरेपर्यंत चार घरं करायच्या. आबारावांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना तोवर डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, मोटरसायकल दारात उभी असायची. त्यांनी मला अडवलं नाही. पण बनाबाईंनी पाय बघू का विचारलं, तर हातानंच नको म्हणाले. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर ते गेले, मूत्रपिंडानं.

आमच्या गावात रामकिसननंतर दोन वर्षं कुणाचा पाय कापला नाही. एवढं एक खरं. बाकी फार वाईट होतं. दोघींनी सात गावांत चाळीसेक माणसं शोधून भूमला पाठवली. तिथं कधी गोळ्या असायच्या, बहुतेकदा नसायच्या. आरोग्य केंद्रावरच्या नव्या डॉक्टरांनी बनाबाईंना बोलावून सांगितलं, "तुम्ही माणसं पाठवता, ती येऊन माझ्याकडं गोळ्या मागतात, भांडतात. माझ्याकडं गोळ्या नाहीत. कशाला शोधता? हे बंद करा." रागानं नाही, हात जोडून म्हणाले. माझे अर्ज चाळीसच्या पुढं गेले होते. एकाचं उत्तर आलं होतं, आपला अर्ज मिळाला, म्हणून.

टेम्पोच्या वाटेवरच्या एका वाडीत धुरपदाबाई नावाची बाई होती. वय पस्तिशीचं, दोन मुली. तिचा आजार बनाबाईंनी वेळेत ओळखला होता. तीन महिने ती भूमला खेटे घालत राहिली, दोनदा गोळ्या मिळाल्या. मग तिनं जाणं सोडलं. एकदा बनाबाईंना म्हणाली, "तुमी सांगून गेलात आन् माझी झोप उडाली. औषध न्हाय तर सांगायचं कशाला, बाई?" एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात धुरपदाबाई बेशुद्ध झाली आणि दोन दिवसांत गेली.

आम्ही तिघं मातीला गेलो. तिच्या दिरानं बनाबाईंना अंगणातच अडवलं. "तुमी येऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, त्या दिसापसून तिनं अंथरूण धरलं. आता पुन्हा या वाडीत पाऊल टाकू नगा."

परतताना मी म्हणालो, "बनाबाई, आता थांबवा. किती करणार?"

त्या म्हणाल्या, "थांबवून काय करू? रस्त्यानं माणूस चालला तरी म्या त्येचे पाय बघते. बघायचं न्हाय म्हणलं तरी दिसतं. मला एकच वाटतं व्यंकटराव, ह्या माणसांना म्या नुसतं सांगून भ्या घातलं का? गोरोबाला कळलं न्हवतं, तो न कळता गेला. धुरपदाला कळलं, ती कळून गेली. काय फरक पडला?"



पुढच्या आठवड्यात टेम्पो त्या वाडीत थांबला तेव्हा द्वारका एकटी उतरली. बनाबाई मागं कॅनच्या मधे बसून राहिल्या, त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता. त्या दिवशी सोसायटीच्या कामानं मी कल्याणप्पाशेजारी पुढं बसलेलो होतो. द्वारका पहिल्या घरी गेली, दार लागलं. दुसऱ्या घरी बाईनं हातानंच पुढं जा म्हटलं. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. द्वारका त्याच्याशी काहीतरी बोलली. म्हाताऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि पाय पुढं केला. द्वारका खाली बसून त्याची बोटं एकेक करून उघडून पाहायला लागली. कॅन भरून झाले होते. कल्याणप्पानं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मागून बनाबाई म्हणाल्या, "जरा थांबा. अजून दुसरा पाय ऱ्हायलाय."